यंगचा प्रयोग : मूळ आणि पाठ्यक्रमातील रूप

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराकडे जाणाऱ्या उतारूस ओहोटीचा हिशेब ठेवावाच लागतो. पाणी उतरले की गाळामुळे लाँच अडते. तेथे भरती दिवसातून दोनदा येते. टाँकिनमधील बात्शा बंदरात मात्र ती एकदाच येते, आणि काही दिवशी जवळजवळ येतच नाही. पाणी तेथे दोन मार्गांनी, सहा तासांच्या अंतराने पोचते व एका मार्गाची भरती दुसऱ्याच्या ओहोटीत विरते, असा उलगडा न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त (१६८७) केला होता. प्रकाशाच्या व्यतिकरणाची कल्पना सुचण्यात या उलगड्याचा वाटा असल्याचे थॉमस यंगने मान्य केले आहे. (इंग्रजी संज्ञेत अडथळ्याची छटा आहे, संस्कृत 'व्यतिकर' म्हणजे मिसळणे. येथे मराठी संज्ञाच अधिक सार्थ ठरते.)

पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत 'यंगचा प्रयोग' म्हणून जो करविला जातो, त्यात लेसरचा किरण दोन बारीक चिरांतून जातो, पडद्यावर पट्टे उमटतात, आणि त्यांच्या रुंदीवरून तरंगलांबी काढली जाते. ती ६३२.८ नॅनोमीटर यावयाची, हे विद्यार्थ्यास आधीच ठाऊक असते. संशयास तेथे जागाच उरत नाही.

२४ नोव्हेंबर १८०३ रोजी रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात यंगने वर्णिलेला प्रयोग निराळा आहे. त्यात दोन चिरा नाहीतच. त्या १८०७ च्या व्याख्यानग्रंथात येतात. खिडकीच्या झडपेस भोक पाडून त्यावर जाड कागद लावलेला, कागदास सुईने टोचलेले छिद्र, बाहेरील आरशाने आत वळविलेले ऊन, आणि त्या किरणात आडवी धरलेली, इंचाच्या तिसाव्या भागाएवढ्या रुंदीची पत्त्याची पट्टी! पट्टीच्या सावलीतही प्रकाशाचे पट्टे दिसले. मग यंगने पट्टीच्या एकाच कडेचा प्रकाश अडविला. दुसऱ्या कडेचा प्रकाश पूर्ववत असूनही सावलीतील पट्टे नाहीसे झाले. अर्थात ते एका कडेचे कार्य नव्हते. दोन्ही कडांवरून आलेल्या प्रकाशाच्या मिलनातून ते उपजले होते. युक्तिवादाचा सारा भार या अडविण्यावर आहे, आणि प्रचलित पाठात नेमके तेच बहुधा गळते.

मूळ प्रयोग आजही करता येतो. एक मीटर अंतरावर सावलीतील पट्टे सुमारे ०.६५ मिलिमीटर अंतराने पडतात. ते पाहण्यास साधे भिंग पुरते. ऊन मात्र हवे. कोकणात पावसाळ्याचे महिने वगळावे लागतील.