वापरायची वीण

रुखवतात क्रोशाचे काम हमखास असायचे. टेबलक्लॉथ, ट्रेवरचे रुमाल, दाराचे तोरण आणि कुठल्याशा बाटलीला घातलेला घेरदार झगा. जाणत्या बायका रुमाल हळूच उलटून मागची बाजू पाहत, कारण दोऱ्याची टोके कुठे आणि कशी लपवली आहेत ते मागूनच कळते. एवढी पाहणी झाली की त्या वस्तूंचे काम संपे. पुढे त्यांतल्या बऱ्याचशा कपाटात गेल्या आणि मळतील या धास्तीने तिथेच राहिल्या. काही रेडिओवर चढल्या, रेडिओ गेल्यावर टीव्हीवर आल्या, आणि टीव्ही भिंतीला चिकटण्याइतका सपाट झाला तेव्हा त्यांना बसायला जागाच उरली नाही.

त्याच घरांत, त्याच हातांनी बाळंतविडाही विणला जाई. टोपडी, मोजे, झबली, दुपट्याची किनार. हे सगळे दुधाने, लाळेने आणि तेलाने माखणार हे धरूनच केलेले असे. ते रोज धुतले जाई, उन्हात विटे, आणि थोरल्याचे टोपडे धाकट्याला आणि मग चुलतभावंडांना येई. या पुस्तकाचा कल उघडपणे बाळंतविड्याकडे आहे. इथल्या वस्तू वापरून झिजाव्यात अशा बेताने निवडल्या आहेत: भांडी पुसायचा रुमाल, भाजीची जाळीदार पिशवी, गरम पातेले उतरवायची धरणी, पाण्याच्या बाटलीची झोळी, बाळाचे टोपडे, जुन्या साड्यांचे पायपुसणे.

यात रुखवताची टिंगल नाही. मुलगी काय शिकली आहे ते चारचौघांत मांडायची ती एकच जागा होती, आणि जिला दुसरे कुठले प्रमाणपत्र मिळणार नव्हते तिने ती पुरेपूर वापरली. पण त्या मांडणीमुळे क्रोशा म्हणजे शोभेचे काम हा समज इतका पक्का बसला की त्याच्यामागे इतिहास, गणित आणि अर्थकारण आहे याकडे कोणी फारसे पाहिलेच नाही. नव्याने येणाऱ्या वाचकाला या तिन्ही दारांतून थोडे थोडे डोकावता यावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

इतिहास आधी, कारण तो बराच छोटा आहे. कापडाचे वय हजारो वर्षांचे. मोहेंजोदडोला सुती कापडाचे अवशेष सापडले आहेत. क्रोशा त्या मानाने कालचे पोर. डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी युरोपभरचे नमुने आणि कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा 1800 पूर्वी तिथे क्रोशा होता असे ठामपणे सांगणारा पुरावा त्यांना मिळाला नाही. छापील नमुन्यांत सर्वांत जुने मानले जातात ते ‘पेनेलोपे’ या डच मासिकात 1823 मध्ये आलेले, आणि तेही पैशांच्या बटव्यांचे. म्हणजे सुरुवात वापरायच्या वस्तूनेच झाली होती, हे मला आवडते.

त्याआधीची एक वाट मात्र आपल्याकडून जाते. कच्छ-सौराष्ट्रातले मोची कारागीर चामड्यावर चालवायची आरी कापडावर चालवू लागले आणि आकडीदार टोकाने साखळी टाक्याचे बारीक भरतकाम करू लागले. अशा आकडीचे भरतकाम अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात पोचले. तिथे ते गोल चौकटीवर कापड ताणून करत. पुढे कोणीतरी चौकटीतले कापडच काढून टाकले आणि साखळी नुसत्या हवेत विणून पाहिली, त्यातून क्रोशा निघाला असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. हे मत आहे, शिक्कामोर्तब झालेला निकाल नव्हे. पण आरीचे टोक आणि क्रोशाच्या सुईचे टोक शेजारी ठेवून पाहिले की ते पटू लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. एक गळला की शिडीसारखा खाली सुटत जातो. क्रोशात बहुतेक वेळा एकच फास उघडा असतो. मागचे टाके बंद झालेले असतात, त्यामुळे हातातले काम कधीही खाली ठेवता येते. कुकरची तिसरी शिट्टी झाली, दाराशी इस्त्रीवाला आला, पोर झोपेतून उठून रडू लागले, तरी तो एक फास जरा सैल ओढून ठेवला की पुरे. चुकले तर सुई काढून दोरा ओढायचा. चुकीच्या जागेपर्यंत उसवते आणि तिथून पुन्हा सुरू. घरकामात क्रोशा इतका रुळला त्याचे मोठे कारण मला हेच वाटते. कुटुंबातल्या बाईला सलग दोन तास कधी मिळाले आहेत? जिथे वेळेचे तुकडेच हाती येतात, तिथे तुकड्यांत होणारी कलाच टिकते.

टाके म्हणाल तर मोजकेच. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब आणि त्याहून लांब खांब. सुई टाक्यात घालून दोरा ओढला की सुईवर दोन फास होतात. दोन्हींतून एकदम दोरा काढला की झाला मुका खांब. आधी सुईवर एक वेढा घेतला आणि दोन-दोन फास करून सोडवले की झाला खांब, मुक्यापेक्षा साधारण दुप्पट उंच. जाळी, पंखे, कंगोरे, फुले हे सगळे यांचेच मेळ आहेत.

यातले गणित पाहायचे तर एक साधी चकती विणावी. मधल्या गोलात सहा मुके खांब घाला. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, चोवीस, तीस. प्रत्येक फेरीत नेमके सहा वाढवले की चकती ताटासारखी सपाट बसते. सहाच का? मुका खांब जितका उंच तितकाच जवळजवळ रुंद असतो. दर फेरीला चकतीची त्रिज्या एका टाक्याने वाढते, म्हणजे परीघ दोन गुणिले पाय, म्हणजे सव्वासहा टाक्यांच्या आसपास वाढायला हवा. वरचा पाव टाका दोऱ्याच्या लवचीकपणात मुरून जातो. खांब दुप्पट उंच, म्हणून खांबांच्या चकतीत दर फेरीला बारा वाढतात. शाळेत पायचे नाव ऐकून ज्यांच्या कपाळावर आठ्या पडत त्यांनीही हा हिशेब बोटांनी कैक वेळा बरोबर केलेला आहे. वाढवायचे टाके मात्र प्रत्येक फेरीत एकावर एक येऊ देऊ नयेत, जरा सरकवत न्यावेत. नाहीतर गोलाचा षटकोन होतो.

वाढ कमी केली की चकतीच्या कडा वर उचलतात आणि वाटी होते. टोपडे म्हणजे हीच वाटी. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर असतो. त्याला 3.14 ने भागले की व्यास साधारण 11 सेंटिमीटर येतो. टोपडे किंचित ताणून बसले पाहिजे, म्हणून चकती साडेदहाच्या आसपास झाली की वाढवणे थांबवायचे आणि टाक्याला टाका विणत सरळ खाली उतरायचे. आजी हे डोक्यावर वीत टेकवून ठरवत असे, आपण पट्टीने ठरवू. एकदा हे कळले की टोपड्याचा वेगळा नमुना शोधत बसावे लागत नाही. तीन वर्षांच्या मुलाची टोपी, मोठ्यांची टोपी, डब्याची झाकणी, सगळ्याला हाच भागाकार.

आणि वाढ गरजेपेक्षा जास्त केली तर? कडेला चुण्या पडतात, झालर होते. फ्रॉकला लावायची झालर एवढेच त्याचे मोल आपण जाणत होतो. 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी हीच झालर हातात घेतली. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशा अनेक रेषा जाऊ शकतात, अशा भूमितीचे हातात धरता येईल असे प्रारूप त्यांना विद्यार्थ्यांसाठी हवे होते. कागदाचे होते, पण ते फाटे. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत त्यांनी ते पृष्ठ क्रोशाने विणले, आणि ते टिकले. त्यावरच्या त्यांच्या पुस्तकाला 2012 मध्ये अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या संघटनेचे ऑयलर पारितोषिक मिळाले.

तिसरे दार जरा जड उघडते. क्रोशाने पोट भरता येते हे जगाला मोठ्या प्रमाणावर दिसले ते आयर्लंडमध्ये. 1845 पासून तिथे बटाट्याचे पीक रोगाने सडत गेले आणि दुष्काळ पडला. कॉर्क भागात मठातल्या नन्सनी, तर क्लोन्स गावात धर्मगुरूंच्या पत्नी कॅसान्ड्रा हँड यांनी 1847 मध्ये, बायकांना क्रोशाची लेस विणायला लावले. सुईने केलेली व्हेनिसची लेस बनवायला फार वेळ जाई. क्रोशाने तिचा आभास पुष्कळ कमी वेळात उभा राही. गुलाब, पाने, वेली वेगवेगळ्या विणून मग जाळीने जोडायच्या. एखाद्या घराचे फूल ठरलेले असे आणि ते शेजाऱ्यांपासून लपवून ठेवत.

आपल्याकडे हीच गोष्ट आंध्रातल्या नरसापूरला घडली. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी गोदावरीकाठच्या या भागात लेस शिकवली, आणि पुढे हजारो घरांतल्या बायका परदेशी बाजारासाठी विणू लागल्या. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1970च्या दशकाअखेर तिथे राहून पाहणी केली. त्यांचे पुस्तक 1982 मध्ये आले. एकीने फक्त फुले विणायची, दुसरीने ती जोडायची, तिसरीने आणखी काही. पूर्ण वस्तू आणि बाजारभाव दलालाच्या हाती. दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या बायकांना ‘फावल्या वेळात काम करणाऱ्या गृहिणी’ म्हटले जाई, आणि म्हणूनच त्यांची मजुरी शेतमजुरीहूनही खाली ठेवता येई. मीस यांचे सगळेच निष्कर्ष मान्य करायला हवेत असे नाही. पण ‘रिकामपणचा उद्योग’ हे दोन शब्द ज्याने सहज वापरले आहेत त्याने ते पुस्तक एकदा चाळावे.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मोजे विणायचे यंत्र विल्यम ली यांनी 1589 मध्येच बनवले आणि आज स्वेटर, बनियन सगळे यंत्रावर निघते. क्रोशाचे तसे यंत्र मात्र कारखान्यांत अजून उभे राहिलेले नाही. बाजारात क्रोशासारखे दिसणारे यंत्राचे कापड मिळते, त्याची वीण वेगळी असते. खरा क्रोशा असेल तर त्यातला प्रत्येक टाका कोणाच्या तरी बोटांनी घातलेला असतो, मग ती पिशवी मॉलमधली असो की जत्रेतली. ती दीडशे रुपयांना मिळत असेल तर विणणारीला किती मिळाले असतील याचा अंदाज स्वतः एक पिशवी विणून झाल्यावर चांगला येतो. शेजारीण ‘मलाही एक करून दे ना, दोऱ्याचे पैसे देते’ म्हणाली तर काय उत्तर द्यायचे, हेही तेव्हा सुचते.

सामानाबद्दल थोडे. आपण सगळ्याच जाड दोऱ्याला लोकर म्हणतो, पण दुकानातली स्वस्त, रंगीबेरंगी ‘लोकर’ बहुधा ॲक्रिलिक असते. ती धुवायला सोपी, थंडीच्या टोपीला ठीक, पण उष्णतेने वितळते. गरम पातेल्याची धरणी तिची कधीही करू नये. तिथे सुतीच हवा, तोही दुहेरी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाळाच्या अंगालाही सुतीच बरा. सुती दोरा पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून आधी एक छोटा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मग मोजावा. ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि सगळेच ती गाळतात. बाळाच्या वस्तूंना मणी आणि बटणे लावू नयेत, ती तोंडात जातात. मोज्यांना मोठी जाळी ठेवू नये, बोटे अडकतात. पायपुसण्यासाठी मऊ झालेल्या सुती साडीच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या फाडून त्यांचा गुंडा करावा आणि मिळेल त्या सर्वांत जाड सुईने विणावे. गोधडीला लावण्याजोगे न उरलेले पातळही यात खपते.

नमुने कसे सांगावेत यावर मी बराच विचार केला. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये स्वयंपाक वाटी-चमच्याच्या मापात आणला आणि ‘अंदाजाने घाला’ म्हणणाऱ्यांची पंचाईत केली. इथेही प्रत्येक वस्तूला सुईचे माप मिलिमीटरमध्ये, दोऱ्याचे वजन ग्रॅममध्ये आणि टाक्यांची संख्या दिली आहे. सोबत खुणांच्या आकृत्या आहेत. आकृती वाचायची सवय लागली की जपानी किंवा रशियन पुस्तकातला नमुनाही भाषा न येता विणता येतो. ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तके एकाच टाक्याला वेगवेगळी नावे देतात, तो घोळही आकृतीपुढे चालत नाही. डावखुऱ्यांनी आकृती आरशात दिसावी तशी उलटी धरावी. त्यांचे काम डावीकडून उजवीकडे जाते, आणि त्यात काहीही बिघडत नाही.

पहिल्यांदाच सुई धरणाऱ्याने, मग ती आठ वर्षांची मुलगी असो, मुलगा असो की निवृत्त गृहस्थ, भांडी पुसायच्या रुमालापासून सुरुवात करावी. 4 मिलिमीटरची सुई, जाडसर सुती दोरा, 31 साखळ्या. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, आणि असे ओळीत तीस. उलटताना एक साखळी, पुन्हा तीस. नवशिक्याचा चौकोन वर जाता जाता त्रिकोण होऊ लागतो, कारण ओळीतला शेवटचा टाका कडेला दुमडून बसतो आणि नजरेतून निसटतो. म्हणून पहिल्या दहा ओळी तरी तोंडाने मोजाव्यात. दोरा फिका घ्यावा. काळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तर मुळीच दिसत नाहीत.