ड्रम ब्रेकचे लायनर बदलणे

ड्रम ब्रेकचे लायनर बदलणे : चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या ड्रमला आतून घासून वेग कमी करणारे दोन अर्धगोल ब्रेक शू झिजल्यावर काढून नवे बसवण्याचे काम. शूच्या बाहेरच्या अंगाला चिकटवलेला किंवा रिव्हेटने ठोकलेला घर्षणाचा पट्टा असतो. गॅरेजमध्ये शू आणि पट्टा मिळून त्याला सरसकट लायनर म्हणतात. काम घरच्या अंगणात, साध्या हत्यारांनी होण्याजोगे आहे. दोन शू काढून दोन बसवणे हा त्यातला सोपा भाग होय. ड्रम उघडल्यावर आत जे दिसते ते नीट पाहणे हा खरा भाग, आणि घाईत नेमका तोच राहून जातो.

हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यावर नांदेडकडून येणारा रस्ता दोन दिशांना फुटतो : एक हिंगोली–वाशीम–अकोल्याकडे (राष्ट्रीय महामार्ग १६१), दुसरा उमरखेड–यवतमाळ–नागपूरकडे (राष्ट्रीय महामार्ग ३६१). इथल्या खिचडीसाठी लांबच्या गाड्या थांबतात. आसपासच्या गावांतल्या एमएच ३८ आणि एमएच २६ च्या जुन्या जीपा, ओम्नी आणि मारुती ८०० मात्र याच रस्त्यांवर रोज धावतात. गाडी जुनी असली तरी तिच्या मागून येणारा कंटेनर नवा असतो आणि चौपदरी रस्त्यावर त्याचा वेगही तसाच असतो, म्हणून या भागात ब्रेकच्या कामात हयगय परवडत नाही. नांदेडची बाजारपेठ तासाभराच्या वाटेवर असल्याने शू, किट, ऑइल सील आणि ड्रमला कट मारणारे लेथ तिथे मिळतात. सामान आधी आणून मगच चाक उघडावे.

कोणत्या गाड्या : मुंबईत माझगावला १९४९ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या वंशातल्या जुन्या महिंद्रा जीपांना चारही चाकांना ड्रमच असत. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचेही तेच. मारुती ८०० (उत्पादन १९८३ ते २०१४) जी आज रस्त्यावर दिसते, तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. लहान मोटारींत मागचे ड्रम अजूनही जागा धरून आहेत, कारण ते स्वस्त पडतात आणि हँडब्रेकची जोडणी त्यांत सोपी जाते. शूने आतून दाबायच्या ड्रमचे श्रेय सहसा फ्रान्सच्या लुई रेनो यांना, १९०२ सालासाठी, दिले जाते. घर्षणाचे पट्टे बनवणाऱ्या फेरोडोची सुरुवात त्याआधी, १८९७ मध्ये, इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी केली. त्याच नावाशी नाते सांगणारी हिंदुस्तान फेरोडो पुढे हिंदुस्तान कंपोझिट्स झाली. मराठवाड्यात पैठणला तिचा कारखाना आहे.

कार्य : पॅडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने व्हील सिलेंडरमधले दोन पिस्टन बाहेर सरकतात आणि शूंची वरची टोके फाकवतात. खालची टोके अँकरवर टेकलेली असतात. गाडी पुढे जात असताना पुढच्या अंगाच्या शूला ड्रम स्वतःबरोबर ओढतो, त्यामुळे तो आणखी घट्ट रुततो. मागच्या अंगाचा शू ढकलला जातो आणि कमी काम करतो. म्हणून पुढचा शू सहसा आधी झिजतो. एक पातळ आणि एक जाड निघाला म्हणजे बिघाड झाला असे समजू नये. पण डाव्या आणि उजव्या चाकांच्या झिजेत मोठा फरक दिसला, तर तिथे कुठे तरी अडकते आहे किंवा गळते आहे. उताराला सतत ब्रेक धरल्यास ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर सरतो. पॅडल खोल जाते आणि ब्रेक पातळ लागतो. ओढ्यातून गाडी काढल्यावरही काही क्षण ब्रेक धरत नाही. तेव्हा पुढे मोकळा रस्ता पाहून पॅडल हलके दाबत चालवले की पाणी वाळते.

लक्षणे : पॅडल खाली बसणे, दोन-तीनदा पंप मारावा लागणे, हँडब्रेकचा दांडा पूर्वीपेक्षा बराच वर येणे, चाकातून घासल्याचा आवाज येणे, ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढणे. यांतली पहिली तीन नुसते ॲडजस्टमेंट ढिले झाल्यानेही दिसतात. म्हणून ड्रम न उघडता लायनर गेले असा निकाल देऊ नये. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी लायनर झिजेल तशी हळूहळू उतरते. आठवड्याभरात उतरली तर ती गळती आहे.

गाडी उचलणे : काळ्या जमिनीत जॅक खचतो, पावसाळ्यात तर हमखास. जॅकखाली जाड फळी घालावी आणि गाडी उचलताच वजन स्टँडवर द्यावे. विटांच्या किंवा दगडांच्या ढिगावर गाडी टेकवून खाली हात घालू नये. वीट एकदम फुटते, आधी सूचना देत नाही. मागचा ड्रम काढण्यासाठी हँडब्रेक सोडावाच लागतो, तेव्हा गाडी धरून ठेवायला दुसरे काही हवे. मारुती ८०० चे इंजिन पुढची चाके फिरवते, म्हणून पहिला गिअर टाकला की ती चाके धरली जातात. ओम्नी आणि जीप मागच्या चाकांवर चालतात. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि गिअर टाकूनही गाडी सरकू शकते. हा फरक माहीत नसल्याने गाडी स्टँडवरून घसरते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावणे सगळ्या गाड्यांना लागू. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून ठेवावेत.

ड्रम काढणे : जुन्या ड्रमच्या आतल्या कडेला, जिथे शू घासत नाही तिथे, न झिजलेली उंच कड राहते. शू त्या कडेत अडकतात आणि ड्रम निघत नाही. आधी शू ड्रमजवळ धरून ठेवणारा ॲडजस्टर सैल करावा. जुन्या जीपला, शू ज्या पत्र्यावर बसतात त्या बॅक प्लेटच्या मागे, फिरवायचे ॲडजस्टर असतात. काही ड्रमांना दोन आट्याची भोके असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळत नेले की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोडी मारायचीच तर मध्ये लाकूड धरून ड्रमच्या तोंडावर मारावी. कडेवर घाव घातल्यास बीड तडकते. मारुती ८०० मध्ये बेअरिंग मागच्या ड्रममध्येच बसवलेले असते. त्यामुळे टोपी, स्प्लिट पिन आणि मधला नट काढावा लागतो, आणि बसवताना स्प्लिट पिन नवी घालावी.

ड्रमच्या आत साठलेल्या काळ्या पुडीला हवा मारू नये, तोंडाने फुंकूही नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचे धागे फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी आजार करतात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणले आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी आणि भरपाई यांविषयी निकाल दिला. गॅरेजमधल्या पोरांपर्यंत ती काळजी फारशी पोचलेली नाही, आणि कॉम्प्रेसरची नळी ड्रमवर धरलेली आजही सर्रास दिसते. घरी काम करताना साबणाच्या पाण्याने पूड आधी भिजवावी आणि मगच फडक्याने पुसावी. तोंडावर साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा. लहान मुलांना त्या वेळी अंगणात फिरकू देऊ नये.

आत काय पाहावे : सर्वांत आधी व्हील सिलेंडर. त्याच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी नखाने किंचित मागे करून पाहावी. आत कोरडे किंवा नुसता ओलसर डाग असेल तर ठीक. थेंब निघाला तर सिलेंडर गळतो आहे आणि नव्या लायनरचाही तो सत्यानाश करणार. रबरांचे नवे किट टाकावे. भोकात गंजाचे खड्डे असतील तर सिलेंडरच बदलावा. ब्रेकची रबरे पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नयेत, ती फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवावीत. ड्रम बाहेर असताना कोणी पॅडल दाबले तर पिस्टन उडून बाहेर येतात. सायकलच्या ट्यूबची पट्टी सिलेंडरभोवती गुंडाळून ठेवली की तो धोका टळतो.

शू तेलकट निघाला तर तेल कुठले ते ओळखावे. ब्रेक ऑइल पातळ असते आणि पाण्याने धुतले जाते. डिफरन्शियलचे ऑइल घट्ट असते, बोटाला चिकटते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. जीप किंवा ओम्नीत असा वास आला तर एक्सलचे ऑइल सील गेले समजावे, आणि सील बदलल्याशिवाय नवे लायनर घालण्यात अर्थ नाही. मारुती ८०० च्या मागे ते ऑइल नसतेच, तिथे काळपट चिकटा बेअरिंगच्या ग्रीसचा असतो. तेल प्यायलेले लायनर पेट्रोल टाकून जाळतात आणि पॉलिश पेपर मारून परत बसवतात. ही सवय मोडायला हवी. तेल आतपर्यंत मुरलेले असते आणि तापल्यावर पुन्हा वर येते, तेही नेमके जोराचा ब्रेक मारताना.

ड्रमच्या आतल्या अंगावरून नख फिरवावे. नख अडकेल एवढ्या खोल रेघा असतील, किंवा ब्रेक मारताना पॅडल पायाखाली थरथरत असेल, तर ड्रमला लेथवर कट मारून घ्यावा, तोही एका एक्सलच्या दोन्ही ड्रमांना सारखाच. किती व्यासापर्यंत कट चालेल तो आकडा बहुधा ड्रमवरच ओतलेला किंवा कोरलेला असतो. त्यापलीकडे गेलेला ड्रम भंगारात द्यावा. चिकटवलेले लायनिंग साधारण दीड-दोन मिलिमीटरवर आले की बदलावे. रिव्हेटचे त्याआधीच, कारण रिव्हेटचे डोके ड्रमला लागले की रेघा पडू लागतात.

बसवणे : दोन्ही चाके एकदम उघडू नयेत. एक बाजू जशीच्या तशी ठेवावी, म्हणजे कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात ते तिथे पाहता येते. मोबाईलवर फोटो काढावेत, पण दुसरी बाजू उजव्या-डाव्या आरशासारखी उलटी असते हे ध्यानात ठेवावे. शू धरून ठेवणाऱ्या लहान स्प्रिंगची पिन बॅक प्लेटच्या मागून एका बोटाने दाबून धरायची, पुढून पकडीने वाटी दाबून पाव फेरा फिरवायची, की ती सुटते. ओढ देणाऱ्या मोठ्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात, म्हणून चष्मा घालावा. दोन्ही शू वरची स्प्रिंग अडकवूनच एकत्र उचलावेत, आधी खाली अँकरवर टेकवावेत आणि मग वर फाकवून पिस्टनवर चढवावेत. सुट्या शूंवर स्प्रिंग ताणत बसण्यापेक्षा हे सोपे जाते. हँडब्रेकचा दांडा जुन्या शूवरून काढून नव्यावर लावायचा असतो, तो विसरला की सगळे पुन्हा उघडावे लागते. बॅक प्लेटवर शू जिथे घासतात त्या उंचवट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी नावाला लावावे. नव्या लायनिंगला तेलकट हात लावू नये. शू नेहमी दोन्ही चाकांचे, एकाच बनावटीचे बदलावेत. एकाच बाजूला नवे घातले तर गाडी ओढते.

सिलेंडर किंवा नळी उघडली असेल तर हवा काढावी लागते. डबीपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. घरातले एक माणूस स्टेअरिंगपाशी बसते, दुसरे चाकापाशी हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइलच्या बाटलीत बुडवून ठेवते. ‘दाब’, ‘धरून ठेव’, निपल अर्धा फेरा उघडणे, बंद करणे, ‘सोड’ : हाच क्रम बुडबुडे संपेपर्यंत. निपल बंद होण्याआधी पॅडल सोडले तर हवा परत आत शिरते. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेलेच घालावे. डॉट ३ चा उत्कलनांक कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उघडी ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

चाचणी : गाडी हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत दाबत राहावे. नवे शू ड्रमपासून लांब असल्याने पहिले दोन-चार दाब रिकामे जातात, आणि ते अंगणात जायला हवेत, रस्त्यावर नाही. चाक हाताने फिरवून किंचित घासल्याचा आवाज येईल एवढे ॲडजस्टमेंट करावे, हँडब्रेक त्यानंतर. पहिली फेरी पायी चालण्याच्या वेगाने, शेताच्या वाटेवर. फाट्यावर गाडी त्यानंतरच न्यावी. चाळीसच्या वेगावरून हलके ब्रेक मारत, मध्ये ड्रम थंड होऊ देत, लायनर ड्रमला बसू द्यावेत. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक शक्यतो टाळावा आणि गाडीत जास्त माणसे भरू नयेत. थोडे चालल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळावेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्या तपासणीत ब्रेक पाहिले जातात. पॅडल दाबूनही मऊ राहत असेल, व्हील सिलेंडरचा पाइप गंजून फिरत असेल किंवा ड्रम तडकलेला असेल, तर घरचे काम तिथेच थांबवून गाडी ओढून गॅरेजला न्यावी. उतरवलेले लायनर आणि पुसलेली फडकी ओल्या कागदात गुंडाळून, जाड पिशवीत बांधून वेगळी टाकावीत. उकिरड्यावर टाकल्यास ती पूड खताबरोबर शेतात जाते, आणि चुलीत घातल्यास स्वयंपाकघरात.