डूला

डूला : गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी आणि बाळंतपणाच्या पहिल्या आठवड्यांत स्त्रीजवळ राहून आधार देणारी, वैद्यकीय काम न करणारी प्रशिक्षित सोबतीण. शब्द ग्रीक असून मूळ अर्थ दासी. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मध्ये तो वापरला तो मुख्यतः अंगावर पाजण्याच्या दिवसांत आईची आई होणाऱ्या बाईसाठी. मराठी घरांत या सोयीला माहेर म्हणतात.

सुईण आणि डूला यांची नेहमी गल्लत होते. सुईण बाळंतपण करते. डूला नाळेला हात लावत नाही, आतून तपासत नाही, औषध देत नाही. कळ आली की कंबरेखाली, माकडहाडाच्या वर, ती तळहाताने घट्ट दाब धरते. कळ ओसरली की घोटभर पाणी पाजते, कूस बदलवते, चार पावले चालवते. डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सोप्या शब्दांत सांगते. काम किरकोळ वाटते, पण त्याचा परिणाम मोजला गेला आहे. ग्वाटेमालातील एका रुग्णालयातील अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनोळखी का होईना, सोबतीण लाभलेल्या स्त्रिया दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत बाळंत झाल्या, एकट्या असलेल्यांना १९.३ तास लागले. पुढे एवढा फरक टिकला नाही. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (१७ देश, १५ हजारांहून अधिक स्त्रिया) तो सुमारे चाळीस मिनिटांवर आला. सिझेरियनचे प्रमाण मात्र तिथेही कमी दिसले.

महाराष्ट्रात दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर आशाताई गरोदर बाईला दवाखान्यापर्यंत नेऊ लागल्या. बाळंतपण सुरक्षित झाले, यात वाद नाही; पण सोबत प्रसूतिगृहाच्या दारात अडली. आई, सासू, जाऊ बाहेरच्या बाकावर आणि आत बाई एकटी. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवायला मुभा दिली. ती स्वतः बाळंत झालेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे आणि कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबुड करू नये. अटी वाचल्या तर घरातली अनुभवी मावशीच डोळ्यांपुढे येते. जिथे आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही परवानगी आहे. एका खोलीत चार खाटा असल्या की हा प्रश्न तिथेच संपतो. पैसे घेऊन येणाऱ्या डूलांसाठी भारतात वेगळी सरकारी नोंदणी नाही, प्रशिक्षण खासगी संस्था देतात.

ओझरसारख्या गावात (ता. निफाड, जि. नाशिक) सोबतीचा हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा (एचएएल) मिग विमानांचा कारखाना १९६४ मध्ये इथे उभा राहिला, त्याची वसाहत झाली, परप्रांतांतली कुटुंबे आली. अशा घरातल्या सुनेचे माहेर एका रात्रीच्या प्रवासापलीकडे असू शकते. शिवाराकडच्या द्राक्षबागांतल्या घरांत पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, पण छाटणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत आईला लेकीजवळ महिनाभर बसायला सवड कुठली?

ही पोकळी बऱ्याचदा मालिशवाली भरून काढते. ती पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे घालते, पाठीवर कोमट पाण्याची धार धरते. मग बाळंतिणीचे अंग रगडते, शेक देते, अळिवाच्या खिरीची चौकशी करते, आणि दूध कमी येते म्हणून रडणाऱ्या मुलीचे ऐकून घेते. डूलाचे निम्मे काम इथेच झालेले असते. उरलेल्या निम्म्यासाठी तिला काही गोष्टी सोडायला सांगाव्या लागतात : दार-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी, पहिला चीक पिळून टाकणे, बाळंतिणीचे पाणी तोडणे आणि बाळाच्या नाका-कानांत तेल.