माळढोकाचा माळ

धाराशिव जिल्ह्यांतील माणसास अभयारण्य म्हटलें म्हणजे प्रथम येडशीचें रामलिंग आठवतें. बालाघाटाचा झाडीनें भरलेला उतार, महादेवाचें देवालय, पावसाळ्यांत कोसळणारा धबधबा, प्रसादावर टपून बसलेलीं माकडें, हें सर्व आमच्याकडील घराघरांतल्या मुलांस परिचयाचें आहे. १९९७ सालीं सरकारनें तें रान अभयारण्य म्हणून जाहीर केलें, तेव्हां कोणास नवल वाटलें नाहीं. झाडी आहे, पाणी आहे, देव आहे. मग रान राखलेंच पाहिजे, असा आपला सरळ हिशेब असतो. परंतु घाट उतरून वैरागच्या बाजूस वळलें कीं जी उघडी, मुरमाड, गवताची भूमि लागते, तीहि राखण्याजोगी असूं शकते, हें पटावयास आम्हांस स्वतःस पुष्कळ वर्षें लागलीं. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही कांहीं मित्र नान्नजचें माळढोक अभयारण्य पाहण्यास गेलों. हा लेख त्या दिवसाचा जितका आहे, त्याहून अधिक त्या माळाच्या इतिहासाचा आहे.

वाळवंट म्हटलें म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें पंढरपुरास चंद्रभागेचें वाळवंट उभें राहतें. जैसलमेरची मरुभूमि आपण चित्रांतूनच पाहिलेली. तथापि त्या मरुभूमीचें व आपल्या या माळाचें एक नातें आहे, आणि तें एका पक्ष्यानें जोडलेलें आहे. ढोक हें नांव आपल्याकडे करकोच्याच्या जातीच्या मोठ्या पक्ष्यांस देतात. पाणथळ सोडून माळावर राहणारा तो माळढोक. वस्तुतः त्याचें व करकोच्याचें कुळ वेगळें आहे. पण लांब मान व उंच पाय पाहून आपल्या पूर्वजांनीं त्यास त्या नात्यांत बसविलें. नर उभा राहिला कीं सुमारें तीन फूट भरतो आणि त्याचें वजन पंधरा किलोपर्यंत जातें. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके भारी थोडेच. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. तें एक अंडें कोल्ह्यानें, कुत्र्यानें किंवा एखाद्या गुरानें तुडविलें कीं त्या मादीची मेहनत फुकट गेली!

असा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेंतून सुटणें कठीण. बाबराच्या आत्मचरित्रांत त्याच्या मांसाची स्तुति आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारनें विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दक्षिणेची पाहणी करण्याच्या कामावर नेमलें. त्यानें १८३२ सालीं दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. त्याच्या लेखनावरून हा पक्षी त्या काळीं येथें विपुल होता असें दिसतें. आणि एका सद्गृहस्थानें या जातीचे सुमारें एक हजार पक्षी मारल्याची नोंदहि त्यानें करून ठेविली आहे. एका माणसाच्या बंदुकीनें एक हजार! पुढें १८७१ सालीं जन्मानें गुन्हेगार ठरविण्याचा कायदा निघाला, त्याच्या जाळ्यांत फांस लावून पोट भरणारे पारधी सांपडले. हजार पक्षी टिपणारा मात्र सद्गृहस्थच राहिला. माळावरची शिकार कोणी संपविली हा प्रश्न निघाला कीं आजहि बोट प्रथम पारध्याकडेच वळतें, म्हणून हें येथें नमूद करावेंसें वाटलें.

तेव्हां हा सारा प्रदेश दोन राज्यांत वांटलेला होता. सोलापूर-बार्शी इंग्रजांकडे, तुळजापूर-परंडा निजामाकडे. १८५३ पासून १८६० पर्यंत नळदुर्ग जिल्हा इंग्रजी अंमलाखालीं होता, आणि त्यांतील आरंभींचीं वर्षें मेडोज टेलर तेथील कारभार पाहत होता. नंतर तो पुनः निजामाकडे गेला, आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत मोगलाईची सीमा येथें कायम होती. माळढोकास ही सीमा ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यास गवत व एकांत हवा होता, आणि तीं दोन्ही सीमेच्या अलीकडे पलीकडे सारखींच होतीं. पण एका गोष्टींत राज्यकर्ते सारखे निघाले. दप्तरांत जमिनीची किंमत साऱ्यावरून ठरे. ज्या माळावर पीक नाहीं तो पडीक. पवन्या, मारवेल, कुसळी हीं गवतें, त्यांवर चरणारीं मेंढरें व काळविटें, त्यांच्या मागचा लांडगा, हें सर्व त्या एका शब्दाखालीं गाडलें गेलें. तो शब्द आम्हीहि आयुष्यभर बिनदिक्कत वापरीत आलों आहों. पडीक म्हटलें कीं नांगरावें किंवा झाडें लावावीं, एवढेंच आपणांस सुचतें. याच माळावर पुढें सरकारी लागवडीनें गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या, आणि ज्या पक्ष्यास दूरवर मोकळी नजर हवी त्याची नजर झाडांनींच अडविली.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय पक्षी निवडतांना सलीम अली यांनीं माळढोकाचें नांव सुचविलें होतें. १९६३ सालीं तो मान मोरास मिळाला. मोर देवळांत आहे, ओव्यांत आहे, लुगड्याच्या पदरावर आहे. माळढोकाचा वकील कोण?

तो १९७२ सालीं भेटला. महाराष्ट्रांत त्या वर्षीं पडलेला दुष्काळ ज्यांनीं पाहिला ते अजून त्याची आठवण काढतात. रस्त्यांच्या कामांवर खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा लागल्या होत्या. त्याच सुमारास सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांस नान्नजच्या माळावर माळढोक आढळला. पुढें अवर्षणप्रवण भागासाठींच्या योजनेंतून तेथें कांहीं कुरणें चराईपासून राखण्यांत आलीं. गवत वाढलें, टोळ वाढले, आणि पक्षी नांदूं लागला. दुष्काळाच्या पैशानें माळढोकास घर मिळावें ही योजना कोणी मुद्दाम आंखली नव्हती, पण झालें तसें. सरकारी कामांतून मिळालेलें असें न मागितलेलें फळ आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

१९७९ सालीं मात्र हात ढिला सुटला. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर झाला. उभा धाराशिव जिल्हा ७,५६९ चौरस किलोमीटरांचा. तो त्यांत सबंध घातला तरी जागा उरावी! गांवें, बाजारपेठा, बागायती, सर्व त्या रेषेच्या आंत आलें. खऱ्या कुरणाचे तुकडे त्या मानानें मूठभर होते. लगेच पुढच्या वर्षीं, १९८० सालीं, भीमेवरचें उजनी धरण पूर्ण झालें आणि कालव्यांमागून ऊस आला. कागदावर माळ पक्ष्याचा राहिला, जमिनीवर तो नांगराखालीं जाऊं लागला. ज्याचा नांगर त्याच्या उताऱ्यावर मात्र अभयारण्याची नोंद. जमीन विकतांना, बांधकाम काढतांना त्याची अडवणूक होई. पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनें क्षेत्र कमी करून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें गेलें, परंतु तोंवर तीन दशकें उलटलीं होतीं, आणि माळढोक हा शब्द कित्येक गांवांत शिवीसारखा झाला होता.

आम्हांस माळ दाखविण्यास जो वाटाड्या मिळाला तो जवळच्याच गांवचा, पन्नाशी उलटलेला. आमच्यांतले तरुण त्यास मामा म्हणूं लागले. त्यानें पहिल्यानेंच बजावलें, "मोठ्यानं बोलू नका, अन् रस्ता सोडू नका." काळविटांचा एक कळप उड्या मारीत आडवा गेला. एक धाविक आमच्या पुढें पळत होता, थांबत होता, पुनः पळत होता. गवतावर दंव होतें, आणि चंडोल एकेक करून वर चढत होते. एवढ्या वेळांत रामलिंगावर आम्ही किती गलबला केला असता, असें मनांत येऊन गेलें.

मनोऱ्यावर चढल्यावर मामानें एका उंचवट्याकडे बोट केलें. "नर हितं नाचायचा, साहेब. पाऊस पडला की गळ्याची पिशवी फुगवून, शेपटी वर करून. त्याचा हुंकार लांबवर यायचा." आम्ही तुमचें शेत कोठें, असें विचारलें. तें रेषेच्या आंतच होतें. "बहिणीच्या लग्नाला दोन एकर विकायचं हुतं. कागूदच हालंना. बाप म्हणायचा, त्या पाखराला एकदा धरून आणतो." थोडें थांबून तो म्हणाला, "अन् मीच त्याची राखण करीत बसलोय." आम्हांस यावर बोलण्यासारखें कांहीं सुचलें नाहीं. त्याच्या बापाची तक्रार खोटी नव्हती, आणि ज्यावर तो संतापला त्या पक्ष्याचाहि कांहीं अपराध नव्हता.

२०१८ च्या सुमारास सबंध देशांत दीडशेंच्या आंतबाहेर माळढोक उरल्याचा अंदाज होता, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानच्या मरुभूमींत. समोरचें त्यास नीट दिसत नाहीं; उडतां उडतां तो विजेच्या तारांवर आदळतो. २०१९ सालीं जैसलमेर जिल्ह्यांत सम येथें पैदास केंद्र निघालें. रानांतून उचललेलीं अंडीं तेथें उबवितात. महाराष्ट्रांत आतां एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रांत बातमी येते. तिच्यासाठीं नर कोठून आणावयाचा हा प्रश्न बातमीखालीं कोणी लिहीत नाहीं.

दहाच्या सुमारास ऊन चढलें. मनोऱ्याखालीं सांवलींत बसून मामानें पिशवींतून वही काढली. त्यांत दिवसाचीं पांखरें व जनावरें लिहावयाची त्याची रोजची रीत. काळविटें, धाविक, चंडोल यांचे आंकडे त्यानें आम्हांस विचारून पक्के केले. सर्वांत वरचा रकाना माळढोकाचा होता. त्यांत त्यानें शून्य घातलें, मागच्या पानावरचीं शून्यें आम्हांस दाखविलीं, आणि वही मिटून पाण्याची बाटली मागितली.