हिमस्खलन आणि स्नोमोबाईल

हिमस्खलन आणि स्नोमोबाईल : स्की-केंद्रांच्या हद्दीबाहेरच्या उंच डोंगरात स्नोमोबाईल चालवणाऱ्यांना हिमस्खलनापासून असलेला धोका आणि त्यातून बचावण्याच्या पद्धती. हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे जाणवतो तो पश्चिम कॅनडात, विशेषतः ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोक, फर्नी, मॅकब्राईड या गावांभोवतालच्या पर्वतांत. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने त्याच प्रदेशाविषयी आहे.

जोसेफ-आर्मां बाँबार्डिए यांनी १९५९ मध्ये क्वेबेकमधून ‘स्की-डू’ बाजारात आणली, तेव्हा ती सपाट, बर्फाळ प्रदेशात दळणवळणासाठी वापरायची हलकी गाडी होती. पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा ही रचना आजही तीच आहे. मात्र डोंगरासाठीच्या आताच्या गाड्यांना दीडशेहून अधिक अश्वशक्तीची इंजिने आणि खोल दात्यांचे लांब पट्टे असतात. स्की घालून चढणारा माणूस जो उतार गाठायला अर्धा दिवस घेतो, तो ही गाडी काही मिनिटांत गाठते. त्यामुळे स्वार एका दिवसात कितीतरी धोकादायक उतारांवर जाऊन येतो. चढता चढता बर्फाची पारख करायला चालणाऱ्याला जो वेळ मिळतो, तो त्याला मिळत नाही. धोक्याचे मूळ या वेगात आहे, हे या विषयात पुरेसे ठसवून सांगितले जात नाही.

जीवघेणी हिमस्खलने बहुतेक वेळा ‘लादी’ प्रकारची असतात. थंड, निरभ्र रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर नाजूक स्फटिक वाढतात, त्यांवर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो आणि वरची एकसंध लादी खालच्या दुबळ्या थरावर तोलून राहते. असा थर कित्येक आठवडे तसाच टिकू शकतो. माणूस किंवा यंत्र यांच्या भाराने त्यात तडा गेला, की तो क्षणात दूरवर पसरतो आणि सगळी लादी सुटते. ३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी सर्वांत घातक असतात. गाडी आणि स्वार मिळून तीनशे किलोच्या आसपास वजन होते आणि त्याचा ताण स्कीवरच्या माणसाच्या भारापेक्षा खोलवर पोचतो. उतारावर आधीच्या गाड्यांचे माग दिसले म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. दहावी गाडी नेमकी पातळ बर्फाच्या जागेवरून गेली, तर नऊ गाड्यांना न हललेली लादी तिच्याखाली सुटते. तडा लागायला उतारावर असणेही आवश्यक नसते. पायथ्याच्या सपाटीवरूनही तो वर धावू शकतो.

२८ डिसेंबर २००८ रोजी फर्नीजवळच्या हार्वे पास भागात घडलेली दुर्घटना या विषयात वारंवार अभ्यासली जाते. स्पारवुड या कोळसाखाणींच्या गावचे अकरा जण तेथे गेले होते. पहिल्या हिमस्खलनात एक गट गाडला गेला. दुसरा गट त्यांना उकरून काढत असतानाच त्याच जागी दुसरे हिमस्खलन कोसळले. आठ जण मृत्युमुखी पडले, तिघे वाचले. मदतीला धावणे ही माणसाची सर्वांत चांगली प्रवृत्ती आहे, पण वरच्या उतारावर अजून किती बर्फ लटकलेला आहे हे पाहिल्याविना धावले, तर बळींची संख्या वाढते. त्या हिवाळ्यात कॅनडात हिमस्खलनाने २६ जण दगावले; त्यांतले बहुसंख्य स्नोमोबाईलस्वार होते.

उतारावर सर्वांत वर कोण माग उमटवतो या चढाओढीला ‘हायमार्किंग’ म्हणतात. धोक्याचा मोठा वाटा तिच्याभोवती आहे. स्वार उतारावर अर्ध्यात रुतून बसतो, सोबती त्याला सोडवायला दुसरी गाडी वर नेतो आणि त्याच लादीवरचा भार दुप्पट होतो. बाकीचे खाली, थेट मार्गात, गाड्या लावून बघत उभे असतात. १३ मार्च २०१० रोजी रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर अशाच एका अनौपचारिक मेळाव्यावर हिमस्खलन आले. दोघे मरण पावले, सुमारे तीस जण जखमी झाले. म्हणून नियम सांगितला जातो तो असा : उतारावर एका वेळी एकच स्वार, रुतलेल्याने स्वतःची सुटका स्वतः करावी, आणि इतरांनी उताराच्या टप्प्याबाहेर, गाड्यांचे तोंड बाहेरच्या दिशेला करून थांबावे. घळी, ओढ्यांची पात्रे आणि कड्यांचे माथे टाळावेत, कारण तेथे लहानसे स्खलनही खोल गाडते किंवा खाली लोटते.

रेव्हलस्टोकला मुख्यालय असलेली ‘अॅव्हलांच कॅनडा’ ही संस्था हिवाळ्यात रोज अंदाज प्रसिद्ध करते. धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी, ‘लक्षणीय’, फसवी असते. तिच्या नावाने कोणी घरी थांबत नाही आणि बरेच मृत्यू याच पातळीला होतात. भारतात चंदीगड येथील डीआरडीओची प्रयोगशाळा हिमालयासाठी असे इशारे देते. गुलमर्गला महाराष्ट्रातील पर्यटक भाड्याच्या स्नोमोबाईलवर बसतात, पण ती फेरी बहुधा स्थानिक चालकासोबतची असते. खोल डोंगरातील स्वारीशी तिची तुलना होत नाही.

गाडल्या गेलेल्या माणसाचा जीव मुख्यतः गुदमरून जातो. कॅनडात सुमारे चौथ्या हिश्श्याचे मृत्यू मात्र झाडांवर, खडकांवर आदळून झालेल्या इजांमुळे होतात. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. बचावपथकाचे हेलिकॉप्टर एवढ्यात पोचत नाही, म्हणून सुटका सोबत्यांच्याच हातात असते. प्रत्येकाकडे ४५७ किलोहर्ट्झवर संकेत पाठवणारा आणि गाडलेल्याचा संकेत शोधणारा ट्रान्सीव्हर, घडीची शोधकाठी आणि धातूचे फावडे हवे, आणि ते अंगावर किंवा पाठपिशवीत हवे; गाडीला बांधलेले फावडे गाडीबरोबर वाहून जाते. फुगणारी एअरबॅग माणसाला पृष्ठभागाजवळ ठेवायला मदत करते, आदळण्यापासून वाचवत नाही. फोन, तापणारे हातमोजे आणि चालू इंजिने यांमुळे ट्रान्सीव्हरच्या संकेतात अडथळा येतो, म्हणून शोधताना ती बंद करतात किंवा दूर ठेवतात. काठी माणसाला लागली की ती तशीच रोवून ठेवून उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जातात; थांबलेला बर्फ घट्ट झालेला असतो आणि मीटरभर खोल गाडलेल्या एका माणसासाठी टनभर बर्फ उपसावा लागतो. हे वेगाने जमायला सराव लागतो, आणि कॅनडात त्यासाठी स्नोमोबाईलस्वारांकरिता वेगळे अभ्यासक्रम घेतले जातात.