डुकरिणीचे दूध आणि लायसिनचा हिशेब

विषय पाहून काहीजण नाक मुरडतील, हे मी जाणून आहे. पण आपल्या पानातल्या प्रथिनांविषयी शास्त्राला जे कळले, त्यातले पुष्कळसे कुत्री, उंदीर आणि डुकरे यांच्या पोटातून कळले आहे. तेव्हा थोडा धीर धरा.

ही हकिकत सुरू होते पॅरिसमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील इस्पितळांतून गोरगरिबांना हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे सूप पाजीत. मांस महाग, हाडे स्वस्त. मग मांस हवे कशाला, असा हिशेब! त्यावर वाद माजला. फ्रेंच विज्ञान अकादमीने समिती नेमली, आणि १८४१ साली माजांदी या शरीरशास्त्रज्ञाने तिचा निर्णय सांगितला : नुसत्या जिलेटिनवर कुत्रीसुद्धा तग धरत नाहीत. कारण मात्र त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते.

ते उलगडले १९१४ साली. अमेरिकेत ऑसबॉर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना मक्यातील झीन हे प्रथिन खाऊ घातले. उंदीर खंगू लागले. ट्रिप्टोफॅन हे अॅमिनो आम्ल घालताच वजन टिकले. पण वाढ काही होईना. जोडीला लायसीन घातले, तेव्हा कुठे ते वाढू लागले. पुढे १९३५ साली रोझ यांनी थ्रिओनीन शोधून काढले आणि आवश्यक अॅमिनो आम्लांची यादी पुरी होत आली. छापखान्यात एका अक्षराचे खिळे संपले, की बाकीचे ढिगाने असूनही मजकूर जुळत नाही; प्रथिनांचे अगदी तसेच आहे.

आता आपल्या डुकरिणीकडे वळू. आजची चांगल्या जातीची डुकरीण एका वेताला दहा-बारा पिले पाजते आणि ऐन भरात दिवसाला आठ-दहा किलो दूध देते. तिचा मुख्य खुराक मका, आणि मक्यात लायसीनच तोकडे. मग काय होते? दूध लगेच आटत नाही. ती माउली स्वतःच्या अंगावरचे मांस झिजवून पान्हा टिकवते. पिले गुटगुटीत दिसतात, मालक खूश असतो; तोटा उघडा पडतो तो पुढे, ती वेळेवर माजावर येत नाही तेव्हा.

पूर्वी ही उणीव पेंड किंवा मासळीची भुकटी घालून भरीत. १९५० नंतरच्या दशकात जपानमध्ये किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतूंकडून साखर आंबवून अॅमिनो आम्ले तयार करण्याची वाट दाखवली. त्यामुळे लायसीन पोत्यांतून मिळू लागले. नेमके तेवढेच घालता येत असल्याने पेंड कमी लागते आणि मलमूत्रातून वाया जाणारा नायट्रोजनही घटतो. मात्र एक उणीव भरली, की दुसरी पुढे सरकते. डुकरीण फार झिजत असेल, तर थ्रिओनीन आधी कमी पडते, असेही पुढे दिसून आले.

आपल्या वरणभातात हेच गणित आहे, बरे का! तांदळात लायसीन थोडे. ते डाळ पुरवते. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईच्या ताटाकडे पाहताना, पोट भरले की नाही एवढेच विचारून भागत नाही. बाळ बाळसेदार दिसत असले, तरी ते कुणाच्या अंगावरून आले, हेही विचारले पाहिजे.