विद्युत्‌वाहक गोंद

विद्युत्‌वाहक गोंद : हौशी इलेक्ट्रॉनिक्समध्ये सोल्डरऐवजी सुटे भाग जोडणारा चिकट पदार्थ. एपॉक्सीसारख्या रेझिनमध्ये चांदीचे बारीक कण किंवा कार्बनची पूड मिसळून तो बनवतात. गोंद घट्ट होताना आकसतो, कण एकमेकांना टेकतात आणि त्यांच्या साखळीतून वीज वाहते.

कथील-शिशाचे ६३:३७ सोल्डर १८३° से.ला वितळते. ही आच बटण सेल, पिझो चकती किंवा प्लॅस्टिकच्या फिल्मला सोसत नाही. तिथे हा गोंद खरा कामाचा.

चांदीयुक्त एपॉक्सीचा रोध सोल्डरच्या साधारण दहापट किंवा अधिक असतो, कार्बनच्या गोंदाचा त्याहून कितीतरी जास्त. म्हणून कार्बनचा गोंद एलईडीसारख्या कमी प्रवाहाच्या जोडणीलाच पुरतो, मोटारीला नाही.

पनवेल तालुक्यातल्या पाताळगंगेकाठच्या आपट्यासारख्या गावी पावसाळ्यातल्या दमट हवेचाही विचार करावा लागतो. ओलावा आणि एकदिश विद्युत्‌दाब एकत्र आले, की चांदीचे आयन सरकून शेजारच्या दोन वाहकांत शॉर्ट सर्किट होऊ शकते. सांधा पूर्ण वाळवून त्यावर वार्निशचा थर दिल्यास हा धोका बराच कमी होतो. नेहमीच्या पीसीबीवर मात्र सोल्डरच स्वस्त आणि टिकाऊ ठरते.